हंड्यात भरलेला आवाज

छत्रपती संभाजीनगर
४ फेब्रुवारी २०२४

प्रिय शालू,
सप्रेम जयभीम.

तुझं पत्र मिळालं. तुझ्या गावचं डाकघर अजून जिवंत असल्याचा आणखी एक पुरावा तुझ्या वरिष्ठांना मिळाला, याचा मला आनंद आहे. ‘तूसुद्धा फोनवर निरोप पाठवायला लागलीस, तर माझ्या थैलीत नोटिसांशिवाय काही उरायचं नाही,’ असं तू पोस्टमास्तरीण झालीस तेव्हा म्हणाली होतीस. ते मी विसरलेले नाही. त्यामुळे माझा दिनक्रम मोठा मजेशीर झालाय. इतकी वर्षं कॉलेजात संस्कृत शिकवलेली मी दुपारी म्हाताऱ्या माणसांना मोबाइल शिकवते आणि संध्याकाळी तुला शाईच्या पेनानं पत्र लिहिते. पगार दोन्हीकडून नाही, तेव्हा बेइमानी कुणाशीच होत नाही.

आता तुझ्या वहिनीविषयी. बानाबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, धूळ आणि ऊन वर्ज्य म्हणून त्या इथं लेकाकडे, रामप्रसादकडे राहिल्यात, आणि लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच तुझा भाऊ मल्हारराव त्यांच्याशिवाय मेंढरं घेऊन बाहेर पडलाय, हे सगळं तू सविस्तर लिहिलंस. ‘तिकडं एकटी बसून तिचा जीव उडून जाईल, तिला तुझ्या वर्गात घे आणि दादाला फोन लावायला शिकव,’ इतकंच तुझं मागणं. ते सोपं नाही, हे मात्र लिहायचं तू सोयीस्करपणे टाळलंस.

वर्ग आमच्या विहाराच्या सभागृहात भरतो. नळाला पाणी येतं त्या दिवशी अनध्याय. पूर्वी मेघ गरजले की अध्ययन थांबवत, आमच्याकडे नळ गरजला की थांबवतात. आणि सध्याच्या दुष्काळात मेघापेक्षा नळाचाच भरवसा जास्त, म्हणजे किती कमी ते बघ. विद्यार्थ्यांत बहुतेक पेन्शनर. त्यांतले अप्पाराव हे एस.टी.चे निवृत्त कंडक्टर. कुणाचा फोन लागला की ते तोंडानं ‘टिंग टिंग’ करून डबल बेल देतात. ती मिळाल्याशिवाय इथं कुणी बोलायला सुरुवात करत नाही.

बानाबाई आल्या त्या काळा चष्मा लावून. खुर्चीवर बसल्याच नाहीत. सभागृहाला एक फेरी मारली, खिडकीतून टेकडीकडे बघितलं आणि माझ्या फळ्याशी येऊन उभ्या राहिल्या.

“बाई, हितं एक काटेरी बोर व्हती.”

“असेल. मी आले तेव्हा फरशीच होती.”

“व्हती. खुलताबादचा डोंगर उतरलं की आमच्या मेंढरांचा तळ हितंच बसायचा. तुमचा फळा हाय ना, तितं कोकरं बांबूच्या डालाखाली झाकायचो.”

“मंग आताबी तेच चालू हाय की,” अप्पाराव म्हणाले.

सगळे हसले, त्याही हसल्या. मीही हसले, पण नंतर त्या फरशीवर पाय ठेवताना जरा जपूनच ठेवला. या वसाहतीत मी इतकी वर्षं राहते. इथं आमच्याआधी काही होतं, असं मला कधी वाटलंच नव्हतं.

वाचता येत नाही, म्हणून त्यांना बोलून फोन लावायची युक्ती दाखवली. खूण दाबायची, फोन ‘बोला’ म्हणतो, आपण नाव सांगायचं. रामप्रसादला लगेच लागला. “आता मालकांना लावा,” मी म्हटलं. खूण दाबली. फोन म्हणाला, “बोला.” बानाबाई गप्प. पुन्हा दाबली. पुन्हा “बोला.” पदर तोंडाशी आणि पुन्हा गप्प. फोननं कंटाळून डोळे मिटले तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. नवऱ्याचं नाव कसं घेणार?

यात हसण्यासारखं काही नाही, शालू. ज्याला आपलं बरं व्हावंसं वाटतं त्यानं जोडीदाराचं नाव उच्चारू नये, असं जुनं वचनच आहे. त्या यादीत गुरूही आहेत आणि कंजूष माणूसही. फोन बनवणाऱ्यांनी ही यादी वाचलेली दिसत नाही.

मी म्हटलं, “‘मालक’ म्हणून नंबर ठेवू या.” तर म्हणाल्या, “मालक लई असत्यात. रामप्रसाद खोलीच्या मालकालाबी मालकच म्हणतोय.” रामप्रसाद वडलांना दादा म्हणतो, म्हणून मग ‘रामप्रसादचे दादा’ असं ठेवलं. तसं म्हटलं की फोन दर वेळी रामप्रसादलाच लागायचा. तो बिचारा कंपनीच्या गेटवर ड्यूटीला. तिसऱ्या वेळी म्हणाला, “आई, मी बरा हाय, आता ठिव.” शेवटी मागच्या बाकावरून कडूबाई म्हणाल्या, “उखाण्यात घ्या की, उखाण्यात चालतंय.” बानाबाईंनी डोक्यावरचा पदर नीट केला आणि फोन ओठांशी धरून म्हणाल्या:

“बाभळीच्या सावलीला मेंढरं बसली गोल,
मल्हाररावांचं नाव घेते, फोनदादा, आता तरी बोल.”

फोन म्हणाला, “माफ करा, मला समजलं नाही.”

“त्याला कसं समजंल,” बानाबाई म्हणाल्या, “लगीन कुठं झालंय त्याचं?”

तेव्हा आता एकच उपाय उरलाय. चित्र. त्यांच्या बोलण्यात ‘चांदी’ नावाची एक मेंढी फार येते, कपाळावर पांढरा ठिपका असलेली, कळपाच्या पुढं चालणारी. भावाकडे गेलीस की तिचा फोटो काढ. तेवढ्यापुरता आपला नेम मोड आणि फोटो फोनवर पाठव. टपालखात्याची मी आगाऊ क्षमा मागते.

तुझी,
विशाखा


डाकघर, ता. गंगापूर
१२ फेब्रुवारी २०२४

प्रिय पंडिताबाईस,
शालूचा रामराम.

फोटो पोचला असेल. चांदीचा एक कान अर्धाच आलाय. ती उभी राहते कुठं? माझ्या हातातल्या फोनकडं बघून तिनं असं तोंड फिरवलं, जसं काही मी वसुलीला गेले.

आता लिहिते ते वैनीला कळू देऊ नकोस. तुला शपथ नाही घालत, कारण शपथा तू मानत नाहीस, पण समजून घे.

दादाचा तळ माझ्या गावापासून जवळच पडलाय, पण जिथं पडायला पाहिजे तिथं नाही. दर साली ही मेंढरं आमच्या शिवारातून जुन्या गाडीवाटेनं खाली धरणाकडं उतरतात. पाणी मागं सरलं की तिथं गाळात हिरवं गवत येतं, पार उन्हाळाभर पुरतं. यंदा त्या वाटेवर नव्या मोठ्या रस्त्याचा भराव उभा राहिलाय, दोन पुरुष उंच. जायला खालून एक बोगदा ठेवलाय, सिमेंटचा, लांबच लांब आणि आत भर दुपारी अंधार. मेंढरं त्याच्या तोंडाशी जातात आणि थांबतात. एक पाऊल पुढं टाकत नाहीत. दादानं चांदीला खांद्यावर घालून पलीकडं नेलं, तर ती उलटी पळत आली. वरून मोठी गाडी गेली की बोगदा गुरगुरतो आणि सगळा कळप माघारी पांगतो. दुसरी वाट म्हणावी तर कारखान्यांच्या तारांच्या कुंपणांनी अडवलीय. पाणी पलीकडं दिसतं, आणि अलीकडं टँकरच्या रांगेत माणसालाच हंडा मिळता मिळत नाही, मेंढरांना कोण देतो?

मी म्हणाले, “दादा, वैनीला फोन लाव की.”

“काय सांगू तिला? मेंढरं तान्हेली हायत म्हणू?”

“निदान बोल तरी.”

“तिचा डोळा अजून वला हाय, शाले. ती रडंल, आन डोळा जाईल. मला नाय बोलायचं.”

मग काठीनं माती उकरत म्हणाला, “ही तिचीच हायत. माझ्याम्होरं ही नुसती चालत्यात. तिच्यामागं जात्यात.”

फकिरा म्हणून एक दलाल आहे, तो येऊन बघून गेला. महिना संपायच्या आत सगळा कळप त्याला द्यायचं दादाच्या मनात आहे. चांदीसकट. वैनीला सगळं झाल्यावर सांगायचं म्हणतो. मी भांडले, पण तान्हेलं जित्राब समोर उभं असताना भांडायला तोंड उघडत नाही.

तू तिला शिकव, रमव. यातलं काही बोलू नकोस.

तुझी,
शालू


छत्रपती संभाजीनगर
२२ फेब्रुवारी २०२४

प्रिय शालू,
सप्रेम जयभीम.

तुझी आज्ञा पाळली आहे. मौनानं सगळं साधतं म्हणतात. मी ते इतकं कडक पाळलं की बानाबाईंनी दोनदा विचारलं, “बाई, तुमचा घसा बसला का?”

पण आजची हकीकत ऐक. तुझं दुःख थोडा वेळ बाजूला ठेवशील.

चांदीचा फोटो फोनच्या अगदी पहिल्या पडद्यावर बसवला. त्यावर बोट ठेवलं की सरळ तुझ्या भावाला फोन. शेजारी तू. तुझा फोटो लावणार होते, पण बानाबाई म्हणाल्या, “शालूबाईचं काय, त्या फोटूत बी हिशोब मागितल्यागत बघत्यात.” मग तुझ्या जागी लाल टपालपेटीचं चित्र लावलं. एरवी तूही सहसा उघडत नाहीस, तेव्हा साम्य बरं आहे.

चांदीचं तोंड पडद्यावर आलं. बानाबाईंनी काळा चष्मा कपाळावर सारला, फोन हातभर लांब धरला, मग जवळ आणला, मग पुन्हा लांब. “कपाळावरचा ठिपका दिसतोय,” म्हणाल्या. “औंदा दिसत नव्हता. मी हातानं चाचपून वळखायचे.” आणि त्यांनी त्या काचेवर बोट ठेवलं, जिथं ठिपका होता, बरोबर तिथंच.

फोन वाजायला लागला. अप्पारावांनी डबल बेल दिली. त्यांचं संपूर्ण संभाषण मी तुला देते. संक्षेप केलेला नाही.

“कोण?”

“मी हाय.”

“डोळा?”

“दिसतंय. मेंढरं?”

“हायत.”

“पेली का?”

“पेत्यात.”

“बरंय.”

“बरंय.”

एवढ्या थोड्या अक्षरांत इतका संसार मावतो, हे सूत्रकारांना दाखवायला हवं होतं. त्यांना तरी खाली भाष्य लागायचं.

पुढं खरी गंमत. मी म्हटलं, “आता हे लाल चिन्ह दाबा, म्हणजे फोन बंद होईल.” बानाबाईंनी हातच मागं घेतला.

“तोडायचं? जितं माणूस हाय की पल्याड.”

“अहो, तोडायचं म्हणजे संपवायचं.”

“ते तर आणिकच वंगाळ. घरातनं निघताना ‘जाते’ म्हणता का तुम्ही? ‘येते’ म्हणता ना? मंग?”

मी लाल चिन्हाचा नाद सोडला. तुझ्या भावाला लाल बटण ठाऊक नसावं, कारण त्यानंही फोन तसाच खिशात टाकला होता. बानाबाई फोन कानाला लावून खिडकीशी जाऊन बसल्या. मी बाकीच्यांना फोटो काढायला शिकवत होते. मधून मधून त्यांच्याकडे लक्ष जायचं. काय ती एकाग्रता. मेंढरांच्या गळ्यातल्या घंटा ऐकत असणार. इथून तुझ्या गावापर्यंत मध्ये किती डोंगर, किती कारखाने, प्लॉटवर रोवलेली किती निशाणं, आणि एक बाई त्या सगळ्यांवरून कान टाकून आपल्या तळावर बसलेली. दोन वर्षं मी हे यंत्र शिकवतेय, पण आज पहिल्यांदा त्याच्याकडे बघून मला हात जोडावेसे वाटले. जोडले नाहीत. विद्यार्थी बघत होते.

वर्ग सुटल्यावर माझ्याजवळ आल्या. चेहरा उतरलेला. आठवणीनं उतरला असेल म्हणून मी विचारलं नाही.

“बाई, ह्याच्यातनं आवाज माणसालाच जातोय, का मेंढरालाबी?”

मी खूश झाले. म्हटलं, “आमच्या शास्त्रात सांगतात, शब्द हा आकाशाचा गुण आहे. आकाश कुठं माणूस आणि मेंढरू असा भेद करतं?”

त्यांनी जरा विचार केला. “मंग बोगद्यात आकाश असतंय का?”

“असतं की. जिथं पोकळी, तिथं आकाश. घागर रिकामी असली तर तिच्यातही असतं.”

“रिकामी घागर,” त्या म्हणाल्या. आणि मान हलवत निघून गेल्या.

शालू, कॉलेजात वर्षभर शिकवून जो प्रश्न मुलांना सुचत नाही, तो तुझ्या वहिनीला आपोआप सुचला. त्यांना तर्कशास्त्राच्या परीक्षेला बसवावं, असं माझ्या मनात आहे. कळपाचं काय झालं ते कळव. मी इकडे त्यांना आनंदात ठेवलंय.

तुझी,
विशाखा


डाकघर, ता. गंगापूर
२८ फेब्रुवारी २०२४

प्रिय पंडिताबाईस,
रामराम आणि तुझ्या तर्कशास्त्राला दंडवत.

तुझं पत्र मला सोमवारी मिळालं. अगं, तिला बोगद्याचा प्रश्न आपोआप कसा सुचेल? शहरात कुठं बघितला तिनं बोगदा? घंटा ऐकत होती म्हणतेस. दादानं फोन तसाच कोपरीच्या खिशात टाकला आणि पाठोपाठ फकिरा आला. बोगदा, तहान, चांदीला खांद्यावर नेलं ते, मंगळवारी गाडी आणायचं ठरलं ते, सगळं त्या खिशातून तिच्या कानात गेलं. तू तिकडं फोटो शिकवत होतीस.

दुसऱ्याच दिवशी मी खिडकीवर तिकिटं मोजत होते, तर फोन.

“शालूबाई, मंगळवारी गाडी येतीया.”

मी म्हणाले, “वैनी, कसली गाडी?”

“खोटं बोलू नका, तुमाला जमत नाय. गाडी यायच्या आदी मला बोगद्याच्या पल्याड उभी करा.”

“तू येतेस कशी? डॉक्टरांनी धूळ…”

“मी कुठं येते म्हणले? मला फोनात उभी करा.”

मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा वाटलं, म्हातारीचं डोकं फिरलं. तरी काल सकाळी डाकघर उघडायच्या आधी तळावर गेले. दादाला सांगितलं तर तो माझ्यावरच उखडला. “मेंढरं काय फोन घेत्यात व्हय?” तेवढ्यात फकिराची गाडी येऊन थांबली. तो खाली उतरून गाडीला टेकला आणि मजा बघायला लागला.

दादा आणि रामहरी, आमचा चुलतभाऊ, मेंढरांना बोगद्याच्या तोंडाशी घेऊन उभे राहिले. मी बोगद्यातून पलीकडं गेले. आत रेंज नाही, पलीकडच्या तोंडाशी आहे. तिथून फोन लावला. तुमच्या कंडक्टरची टिंग टिंग ऐकू आली. मग वैनीनं आवाज दिला. तू ऐकलास तो. जिभेनं टाळूवर टक टक टक, आणि मग ते लांब ‘आऽऽ हुर्रऽऽ’. मी फोन बोगद्याकडं धरला. त्या टोकाला पुढच्या चार मेंढरांनी मान वर केली, इकडं तिकडं बघितलं आणि पुन्हा खाली घातली. फोन केवढासा, त्याचा आवाज केवढासा. डासासारखा. फकिराचं हसणं बोगद्यातून माझ्यापर्यंत आलं.

दादा बोगद्यातून पळत माझ्याकडं आला. मला वाटलं, आता फोन हिसकावून फेकतो. पण तो म्हणाला, “हा तिचा आवाज नाय. तिचा आवाज एवढा बारका कदी नव्हता.” फोनमधून वैनी म्हणाली, “हंडा हाय का रिकामा?” रिकाम्या हंड्याला यंदा काय तोटा? टँकरच्या रांगेत लावलेला आमचाच एक होता. दादानं तो आणला, बोगद्याच्या तोंडात आडवा ठेवला, त्याचं तोंड अंधाराकडं केलं आणि फोन आत सोडला.

“आता हाक मार,” तो हंड्याला म्हणाला.

विशाखा, मी पोस्टात इतकी वर्षं काढली. माणसांचा आवाज पाकिटात घालून पाठवला, मनिऑर्डरीच्या खालच्या दोन ओळींत पाठवला. पण काल जे बघितलं त्याला माझ्याकडं शिक्का नाही. हंडा वाजायला लागला. हंड्यातून आवाज बोगद्यात शिरला, बोगद्याच्या भिंतींनी तो मोठा केला आणि पलीकडं गेला तेव्हा तो वैनीचाच होता. ती तरणी होती तेव्हाचा. मी लहान असताना याच आवाजानं मेंढरं डोंगर उतरायची. दादा हंड्याशी उकिडवा बसला.

अंधाराच्या त्या टोकाला उजेडाचा एक गोल दिसत होता. त्यात चांदी आली. एक कान पुढं, एक मागं. वरून मोठी गाडी गेली, बोगदा गुरगुरला. ती थांबली. वैनीला तिकडं काय कळणार, तिनं आपली दुसरी हाक दिली. आणि चांदीनं पाय आत टाकला. तिच्यामागं दुसरी, तिसरी, आणि मग सगळा उजेड मेंढरांनी बुजला. खुरांचा नुसता गदारोळ. चांदी हंड्याशी आली, तिनं आत तोंड घातलं, वैनीला हुंगलं, वैनी नाही बघून जरा थांबली आणि सरळ पाण्याच्या वाटेला लागली. मागची सगळी हंड्याला वळसा घालून तिच्यामागं.

फकिरा शेवटच्या मेंढरामागून चालत आला. डोक्यावरची टोपी हातात. “मल्हारराव,” म्हणाला, “सौदा राहू द्या. गाडीत चढवायला मी हंडा कुठून आणू?”

दादानं हंडा उचलून खांद्यावर घेतला, फोनसकट, आणि मेंढरांमागं गेला. मला डाकघर उघडायचं होतं म्हणून मी परत फिरले. फोन माझा, पण मागायचा धीर झाला नाही. पुढं धरणाच्या काठावर काय झालं ते हंड्याला ठाऊक. आणि तुम्हाला. तुमच्याकडं काय ऐकू आलं, तेवढं लिही.

तुझी,
शालू


छत्रपती संभाजीनगर
४ मार्च २०२४

प्रिय शालू,
सप्रेम जयभीम.

तुझं पत्र वर्गात मोठ्यानं वाचलं. माझी फजिती होती ती ओळही गाळली नाही. अप्पाराव म्हणाले, “बाई, तुमचं तिकीट पुढच्या स्टॉपचं निघालं.” मान्य केलं.

आता आमच्या बाजूचं.

मंगळवारी बानाबाई घरून फोन करू शकल्या असत्या. पण त्या सकाळीच सभागृहावर आल्या, चपला बाहेर काढल्या, खिडक्या उघडायला लावल्या आणि माझ्या फळ्याशी जाऊन उभ्या राहिल्या, जिथं कोकरं झाकायचे तिथं. “तळावरनंच हाक मारायची असतीया,” म्हणाल्या. मी फळा पुसून बाजूला झाले.

त्यांची पहिली हाक ऐकली आणि आमच्यातलं कुणी हसलं नाही. मी या बाईंना ओळखत होते ती पदराआडून बोलणारी म्हणून. ही हाक पोटातून येत होती, छातीला न विचारता. खिडकीतली कबुतरं उडाली. समोरच्या नव्या इमारतीवर घमेली घेऊन चाललेल्या बाया थांबल्या. त्यातली एक, डोक्यावर वाळू तशीच, खिडकीशी येऊन म्हणाली, “आमच्याकडली हाय.” मग हंड्याची गोष्ट झाली, आणि दुसऱ्या हाकेनंतर फोनमधून काय येत होतं ते आम्हाला कळेना. गडगड, खडखड. बानाबाईंनी हात वर केला. “चालल्या,” म्हणाल्या. गाल ओले झाले होते. मी घाबरून डोळ्याकडे बोट केलं, तर म्हणाल्या, “घाम हाय.”

नंतर बराच वेळ नुसती पावलं. तुझ्या भावाचा श्वास. आणि मग, शालू, एक आवाज. मी तो आधी कधी ऐकला नव्हता. बारीक, ओला, एकातून दुसरा निघत गेलेला, पसरत गेलेला. सगळे माझ्याकडे बघायला लागले, जणू मला ठाऊक असणार.

बानाबाई म्हणाल्या, “पेत्यात.”

कळपच्या कळप पाणी पीत होता. आणि नळाची वाट बघणाऱ्या या शहरात आम्ही पेन्शनर माणसं मान खाली घालून ते पिणं ऐकत होतो. शब्द हा आकाशाचा गुण, हे मी परीक्षेत लिहिलंय, पोरांकडून पाठ करून घेतलंय, नापास झालेल्यांना पुन्हा लिहायला लावलंय. आमच्या बाबांनी मला संस्कृतला घातलं तेव्हा म्हणाले होते, जे आपल्यासाठी कुलपात होतं ते आधी उघड. मी उघडलं, वाक्य बाहेर काढलं, घासूनपुसून ठेवलं. पण त्या वाक्यातलं आकाश केवढं आहे, ते मला काल-परवापर्यंत कुणी दाखवलं नव्हतं.

पिणं थांबलं. मग हंड्याच्या तोंडाशी कुणीतरी वाकल्याचा आवाज आला. पुरुषाचा, घोगरा.

“बाना, हायस का?”

कडूबाईंनी चटकन मान फिरवली. मीही फळ्याकडे बघायला लागले. आपण ऐकू नये असं काहीतरी ऐकलंय, हे सगळ्यांना एकदम कळलं. जुन्या वचनाचं काय व्हायचं ते होवो. हंड्यात माणूस दिसत नाही, तिथं नावानंच विचारावं लागतं.

बानाबाईंनी पदर तोंडाला लावला. म्हणाल्या, “हाय.”

अप्पारावांचा हात थांबायची एक बेल द्यायला वर गेला होता, तो तसाच खाली आला. लाल चिन्ह दाबा, असं मीही म्हटलं नाही. एकेक जण पाय न वाजवता घरी गेला. मी मागच्या बाकावर बसून राहिले. बानाबाई फळ्याशी, भिंतीला टेकून, फोन मांडीवर. त्यातून चरण्याचा आवाज येत होता, मधून घंटा, मधून वारा. ऊन फरशीवरून सरकत भिंतीवर गेलं. चांदीचं चित्र अंधूक झालं, फोननं दोनदा आचका दिला आणि बॅटरी संपून तो आपसूक बंद पडला.

बानाबाईंनी ती काळी काच हातात घेतली, पदरानं पुसली आणि तिला म्हणाल्या, “येते.”

तुझी,
विशाखा